काका बॅप्टिस्टा आणि ईस्ट इंडियन समाज

महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेच्या तयारीसाठीं बाप्तिस्म्याचीं जुनीं दफ्तरें काढून आम्ही बसलों असतां एक गोष्ट पुनः पुनः नजरेस आली. पान उलटावें, तों परेरा, डिसोझा, फर्नांडिस, रॉड्रिग्ज, बॅप्टिस्टा हीं आडनांवें ओळीनें उभीं. आणि त्यांच्या शेजारीं गायकवाड, साळवे, पवार, शिंदे हींही तितक्याच सहजपणें बसलेलीं. पहिल्या प्रकारचें आडनांव धारण करणाऱ्यास पुणें शहरांत एक प्रश्न हटकून विचारण्यांत येतो, कीं आपण मूळचे कोठले? उत्तर शुद्ध मराठींत आलें म्हणजे विचारणारा क्षणभर गोंधळतो. आमच्या कित्येक तरुणांस ह्या प्रश्नाचा राग येतो, कित्येकांस लाज वाटते. दोहोंचेंही कारण नाहीं. ज्यांचें चरित्र पुढें सांगावयाचें आहे त्यांच्याही कपाळीं असेंच आडनांव होतें, आणि तरी लोकमान्यांच्या पुण्यानें त्यांस आपल्या घरांतल्या माणसाप्रमाणें वागविलें.

त्यांचें नांव जोसेफ बॅप्टिस्टा. साऱ्या महाराष्ट्रानें त्यांस काका म्हटलें, म्हणून आम्हीही तसेंच म्हणूं.

काकांविषयीं लिहिण्यापूर्वीं ते ज्या समाजांत जन्मले त्याची हकीकत थोडी सविस्तर देणें प्राप्त आहे. कारण ती ठाऊक असल्याशिवाय त्यांच्या आयुष्यांतील अवघड भाग कोणता, हें ध्यानांत येणार नाहीं.

१५३४ सालीं वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख गुजराथच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांच्या हातीं गेला. पुढील दोनशें वर्षांत वसई, साष्टी व मुंबईचीं बेटें ह्या भागांतील कोळी, शेतकरी, भंडारी अशा नाना जातींच्या कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्याचें किंवा पाद्रीसाहेबांचें आडनांव नव्या ख्रिस्ती माणसास मिळावें, अशी त्या काळीं चाल होती. घरांतली बोली मराठीच राहिली, बायकांचें लुगडें राहिलें, शेत तेंच राहिलें व होडीही तीच राहिली. बदलला तो धर्म आणि त्याच्याबरोबर आडनांव. कांहीं घराण्यांत पोर्तुगीज रक्त मिसळलें, हें खोटें नाहीं. १८६२ सालीं ज्यांस संतपद मिळालें त्या वसईच्या गोन्सालो गार्सियांचे वडील पोर्तुगीज व आई ह्याच भूमींतली. परंतु बहुसंख्य समाज इथल्या मातींतलाच होता.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली आणि पोर्तुगीज तेथून निघून गेले. ख्रिस्ती शेतकरी व कोळी कोठें जाणार? ते आपल्या शेतांत व आपल्या किनाऱ्यावर राहिले. ज्या राज्यानें त्यांस आडनांवें दिलीं तें राज्य गेलें, व पुण्याचें राज्य आलें. त्याच पेशवाईनें पुढें ५३ वर्षांनीं, म्हणजे १७९२ सालीं, सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, आपल्या लष्करांतील डॉम मिगेल द नोरोन्हा नांवाच्या अंमलदाराच्या विनंतीवरून ख्रिस्ती लोकांस देवळासाठीं पुण्यांत जागा दिली. नाना पेठेच्या बाजूस सिटी चर्च म्हणून जें देऊळ उभें आहे, त्याचा आरंभ असा झाला. इतिहास शिकवितांना वसईची पहिली गोष्ट सर्व जण सांगतात. पुण्याच्या देवळाची दुसरी गोष्ट सांगणारे फार थोडे भेटतात, म्हणून ती येथें मुद्दाम नमूद केली आहे.

इंग्रजी अमलांत उत्तर कोंकणच्या ह्या लोकांस सरकारी कागदांत पोर्तुगीज ख्रिस्ती असें म्हणत. आगबोटी व आगगाड्या वाढल्या तसे गोवा व मंगळूर येथील कॅथोलिक बांधव नोकरीधंद्यासाठीं मुंबईस येऊं लागले. त्यांचींही आडनांवें तींच. बेटावरचा मूळचा रहिवासी कोण आणि पोटासाठीं आलेला कोण, ह्याचा उलगडा नुसत्या आडनांवावरून कोणास व्हावा? तेव्हां व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असतां, २६ मे १८८७ रोजीं, समाजाच्या पुढाऱ्यांनीं बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन ही संस्था स्थापिली, पोर्तुगीज हें विशेषण टाकिलें आणि ईस्ट इंडियन हें नांव घेतलें. पी. एफ. गोम्स व जे. एल. ब्रिटो हे गृहस्थ त्या कामीं पुढें होते. नव्या नांवाचा संबंध ईस्ट इंडिया कंपनीशीं. कंपनीच्या कचेऱ्यांत हे लोक पहिल्यापासून नोकरीस होते, आणि ती चाकरी सरकारनें विसरूं नये, हा हेतु. परंतु खुद्द कंपनी तर १८७४ सालींच विसर्जित झाली होती! मेलेल्या सावकाराचें नांव आपल्या दुकानावर रंगवावें, तसेंच थोडेंसें हें झालें.

तरी त्या मंडळींस हंसणें न्यायाचें होणार नाहीं. नांव कसेंही असो, संस्थेनें हातीं घेतलेलें काम खरें होतें. गरीब मुलांच्या शिक्षणासाठीं पैसा जमविणें, नोकरीच्या बाबतींत सरकारकडे दाद मागणें, व विखुरलेल्या गांवठाणांतील लोकांस आपण एक आहों ही जाणीव देणें, हीं कामें कोणीतरी करावयास पाहिजे होतीं. परक्या राज्यकर्त्यांच्या सांवलींत वाढलेला लहान समाज प्रथम आपल्या जिवाचा विचार करितो. त्यास कोणी स्वार्थी म्हणावें, कोणी शहाणा म्हणावें. आमच्या मतें तो भ्यालेला असतो, आणि भ्यालेल्या माणसास दोष देण्यापूर्वीं त्याच्या जागीं उभें राहून पाहावें.

संस्था स्थापन झाली तेव्हां काका २३ वर्षांचे होते.

त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजीं मुंबईस माझगांवच्या माथारपाखाडींत झाला. वडील मूळचे भाईंदरजवळच्या उत्तन गांवचे. म्हणजे घराणें समुद्रकांठचें व अस्सल मराठी बोलणारें. माथारपाखाडी ही मुंबईच्या पोटांत राहिलेली एक लहानशी वाडी. लांकडी जिने, कौलारू घरें, पुढें सज्जे, आणि वाडीच्या मध्यावर पवित्र क्रूस, जेथें संध्याकाळीं शेजारपाजारचीं माणसें प्रार्थनेस जमत. आजही ती वाडी उंच इमारतींच्या घेऱ्यांत आपलें जुनें रूप राखून आहे. काकांचें प्राथमिक शिक्षण माझगांवच्या सेंट मेरीज शाळेंत येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं झालें.

पुढें ते पुण्यास आले. संगमावरील कॉलेज ऑफ सायन्स, जें मागाहून इंजिनियरिंग कॉलेज म्हणून नांवारूपास आलें, तेथें त्यांनीं विद्याभ्यास केला. तें दशक पुण्याच्या इतिहासांत मोठें धामधुमीचें. १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८१ सालीं केसरी सुरू झाला, १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज उघडलें. कॅथोलिकांच्या दृष्टीनें पाहतां १८८६ सालीं पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. एकीकडे साहेबांचें लष्कर व त्याच्या छावणीचीं देवळें, दुसरीकडे पेठांतून स्वदेशाच्या चर्चेनें पेटलेलीं तरुण मनें. ह्या दोहोंच्या मध्यें माझगांवचा एक कॅथोलिक विद्यार्थी वावरत होता. पुढील आयुष्यांत काका पुण्याच्या माणसांत इतके सहज मिसळले, त्याचें बीज ह्या विद्यार्थिदशेंत पडलें असावें असें आम्हांस वाटतें.

शिक्षण संपल्यावर त्यांनीं वनखात्यांत नोकरी धरिली. त्यांच्या समाजांतील कोणाही आईबापांस अशा नोकरीनें धन्यता वाटली असती. पगार, मान, पेन्शन, सारें त्यांत होतें. काकांनीं ती सोडिली व विलायतेस जाऊन केंब्रिज येथें पदवी घेतली, कायद्याचा अभ्यास पुरा केला आणि १८९९ च्या सुमारास बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले. विलायतेंतील त्या वर्षांचें त्यांच्या जीवनांत फार महत्त्व आहे. आयर्लंड हा कॅथोलिक देश आपल्या घरचा कारभार आपल्या हातीं मागत होता. ग्लॅडस्टन साहेबांनीं १८८६ व १८९३ अशीं दोन वेळां त्यासाठीं विधेयकें आणिलीं, व दोन्ही वेळां तीं नापास झालीं. ह्या मागणीस होम रूल म्हणत. बंड न करितां, बादशाही न मोडतां, पण माघारही न घेतां आपलें घर आपण चालविण्याचा हक्क मागावयाचा, ही रीत काकांच्या कायदेशीर मनास पूर्णपणें पटली. आयरिश लोक चांगले कॅथोलिक होते आणि इंग्रज सरकारचे विरोधकही होते. एका माणसाच्या ठायीं ह्या दोन्ही गोष्टी राहूं शकतात, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. हिंदुस्थानांत तेव्हां पुष्कळ ख्रिस्ती लोकांस हें शक्य वाटत नव्हतें, व पुष्कळ हिंदूंसही वाटत नव्हतें.

मुंबईस आल्यावर ते वकिली करूं लागले, कायद्याच्या सरकारी शाळेंत अध्यापक झाले, आणि १९०१ पासून म्युनिसिपल कॉर्पोरेशनमध्यें बसूं लागले. ह्याच काळांत लोकमान्य टिळकांशीं त्यांचा स्नेह जडला तो अखेरपर्यंत टिकला. एक चित्पावन ब्राह्मण, गीतेचा भाष्यकार. दुसरा माझगांवचा कॅथोलिक. वरवर पाहतां जोडी विजोड. परंतु दोघेही कायद्याचे पंडित, दोघांसही भाबडेपणाचा कंटाळा, आणि दोघांसही सरकारशीं वाद घालतांना कायद्याचें बोट सोडावयाचें नाहीं अशी शिस्त. शिवाय दोघांची भाषा मराठी. समाजाची जी बोली पोर्तुगीज आडनांवाखालीं झांकून गेली होती, तिनेंच ही मैत्री सुलभ केली.

१९०८ च्या २४ जून रोजीं टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून मुंबईस पकडण्यांत आलें. मुझफ्फरपूरच्या बाँबप्रकरणानंतर केसरींत आलेले लेख हें निमित्त. सरकारनें खास ज्यूरी मागितली. अशा ज्यूरींत युरोपियनांचाच भरणा व्हावयाचा. त्या मागणीस टिळकांच्या वतीनें विरोध करावयास बॅरिस्टर बॅप्टिस्टा उभे राहिले. मागणी मंजूर झाली. नऊ जणांत सात युरोपियन व दोन पारशी असे बसले, आणि मराठी लेखांचा निवाडा इंग्रजी भाषांतरावरून व्हावयाचा ठरला. टिळकांनीं पुढें आपला बचाव स्वतःच केला, त्यांतील मोठा भाग ह्या भाषांतरांतल्या चुका दाखविण्यांतच गेला. ज्यांस लोक आडनांवावरून परके समजत, त्या काकांस त्या लेखांतल्या प्रत्येक शब्दाची छटा कळत होती. ज्यांनीं निकाल द्यावयाचा त्यांस कळत नव्हती. २२ जुलैच्या रात्रीं सात विरुद्ध दोन अशा मतांनीं टिळक दोषी ठरले व सहा वर्षांच्या शिक्षेवर मंडालेस गेले. दोनच वर्षांनीं, १९१० सालीं, विनायकराव सावरकरांवर मुंबईस खटला चालला, त्यांच्या बचावासही काका उभे राहिले.

येथें क्षणभर थांबून एक विचार करावा. काकांचा समाज सरकारी कचेऱ्या, गोदी, आगगाडी, कस्टम ह्यांवर पोट भरणारा. त्याच्या संस्थेचा जन्मच राणीच्या महोत्सवांतला. अशा समाजांतला एक बॅरिस्टर राजद्रोहाच्या आरोपींची वकीलपत्रें घेतो, ही गोष्ट किती घरांत रुचली असेल? वाडींतल्या म्हाताऱ्यांनीं मान हलविली असेल, आयांनीं आपल्या मुलांस त्यांच्यापासून दूर राहावयास सांगितलें असेल. काकांनीं समाजावर राग धरून त्याचा त्याग केला नाहीं, व समाजाच्या भीतीस्तव टिळकांचाही त्याग केला नाहीं. माथारपाखाडीचे काका म्हणूनच ते ओळखले गेले. दोन्हीकडचे टोमणे सोसून मध्यें उभें राहणें हें तुरुंगांत जाण्याहून सोपें असतें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं तें करून पाहावें.

टिळक १९१४ च्या जूनमध्यें सुटून पुण्यास आले. १९१५ च्या मे महिन्यांत राष्ट्रीय पक्षाची प्रांतिक परिषद पुण्यास भरली, तिच्या अध्यक्षस्थानीं काका होते. वर्षभरानें, २८ एप्रिल १९१६ रोजीं, बेळगांव येथें इंडियन होम रूल लीगची स्थापना झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर. टिळकांनीं स्वतः कोणतेंही पद घेतलें नाहीं. मिसेस बेझंट ह्यांची लीग त्यानंतर सप्टेंबरांत निघाली. काकांच्या लीगचें ठाणें पुण्यास, आणि तिचें क्षेत्र मुंबई शहर सोडून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत व वऱ्हाड. १९१७ च्या एप्रिलपर्यंत तिचे १४,००० सभासद झाले होते. एवढ्या मोठ्या, व ज्यांत जवळ जवळ सर्वच हिंदू, अशा चळवळीनें आपला अध्यक्ष एक कॅथोलिक निवडावा, आणि त्याबद्दल पुण्याच्या गल्लीबोळांत कोणास आश्चर्य वाटूं नये, ह्यांत पुण्याचीही थोरवी आहे. आज कोणी त्याविषयीं बोलत नाहीं.

स्वराज्य हा आपला जन्मसिद्ध हक्क होय, ह्या आशयाचें टिळकांचें जें वाक्य घरोघरीं पाठ आहे, तें मुळांत काकांनीं सुचविलें असें पुष्कळ लोक आग्रहानें सांगतात. आम्हांस त्या वादांत शिरावयाचें नाहीं. वाक्य कोणाच्याही तोंडचें असो, त्यामागील मागणीस कायद्याचा आकार देण्यांत काकांचा वांटा मोठा होता, एवढें पुरें आहे.

१९१७ सालीं लीगच्या वतीनें ते पुनः विलायतेस गेले आणि तेथील मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांस हिंदुस्थानची बाजू समजावून देण्याचें काम त्यांनीं केलें. त्या वेळीं मजूर पक्ष लहान होता. मोठमोठ्यांचें लक्ष लिबरल व काँझर्व्हेटिव्ह पक्षांकडे. उद्यां कोणाचे दिवस येणार हें ओळखण्याची काकांची दृष्टि ह्यावरून दिसते.

मजुरांविषयींचा त्यांचा कळवळा केवळ राजकारणापुरता नव्हता. मुंबईंतील टपालवाले, गिरणीकामगार ह्यांच्या गाऱ्हाण्यांत ते मनापासून लक्ष घालीत. ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबईस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तेव्हां लाला लजपतराय अध्यक्ष, काका उपाध्यक्ष व दिवाण चमनलाल सरचिटणीस झाले. पुढल्या वर्षीं तिचें दुसरें अधिवेशन झरिया येथें कोळशाच्या खाणींच्या मुलखांत भरलें, त्याचे अध्यक्ष काका. खाणवाल्यांस हें अधिवेशन डोळ्यांसमोर नको होतें. तरीही हजारों मजूर जमले. सेमिनरींत आम्हांस पोप १३ वे लिओ ह्यांचें १८९१ सालचें रेरुम नोवारुम हें परिपत्रक शिकवीत. मजुरास कुटुंब पोसण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे व त्यास संघ करण्याचा हक्क आहे, हें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. परीक्षेपुरतें आम्ही तें पाठ केलें. त्याच धर्मांतला एक प्रापंचिक मनुष्य झरियाच्या कोळशाच्या धुळींत उभा राहून मजुरांच्या संघाचें काम करून गेला होता, हें मात्र त्या वर्गांत आम्हांस कोणी सांगितलें नाहीं.

मधल्या काळांत काकांवर मोठा आघात झाला होता. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य मुंबईस सरदारगृहांत निवर्तले. पुढल्याच महिन्यांत कलकत्त्यास काँग्रेसचें खास अधिवेशन भरून गांधीजींचा असहकाराचा ठराव पास झाला. काकांनीं त्यास विरोध केला. कौन्सिलें, कोर्टें व शाळा सोडून देण्यानें सरकार नमेल, हें त्यांस पटलें नाहीं. मिळेल तेवढें घ्यावें व उरलेल्यासाठीं भांडावें, ही टिळकांची शिकवण त्यांनीं धरून ठेविली. लोक गांधीजींच्या मागें गेले. काका व त्यांच्यासारखे टिळकांचे अनेक जुने सहकारी मागें राहिले. आमच्या मतें काकांची येथें एक चूक झाली. कायद्याच्या तराजूंत त्यांचें माप बरोबर होतें, परंतु साऱ्या देशाचें मन एकाएकी कोठें वळलें, तें त्यांस उमगलें नाहीं. आयुष्यभर समाजाच्या भीतीविरुद्ध उभा राहिलेला हा मनुष्य लोकांच्या धैर्याचा अंदाज करण्यांत चुकला. त्यांचें नांव पुढील पिढीच्या पाठ्यपुस्तकांत एखाद्या ओळीपुरतें उरलें, त्याचें कारण पुष्कळ अंशीं हेंच.

मुंबईनें मात्र त्यांस विसरलें नाहीं. १९२५-२६ सालीं ते म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. मेयर ही पदवी १९३१ पासून सुरू झाली, तेव्हां काकांस मेयर म्हणणें ही बोलण्याची सोय आहे, मान तोच. माझगांवच्या वाडींतला मुलगा, वनखात्यांतली खुर्ची सोडलेला, राजद्रोह्यांचा वकील, आणि शहराचा पहिला नागरिक! १८ सप्टेंबर १९३० रोजीं ते मुंबईस मरण पावले. त्या दिवशीं गांधीजी पुण्यास येरवड्याच्या तुरुंगांत होते व देशभर मिठाचा सत्याग्रह गाजत होता. वयाच्या ६७ व्या वर्षांत काका गेले, आणि शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमींत त्यांस मूठमाती मिळाली.

आतां त्यांच्या समाजाच्या संस्थेविषयीं राहिलेलें सांगून हा लेख पुरा करूं. राणी गेली, कंपनीची आठवण गेली, १९४७ सालीं इंग्रजही गेले; ज्या सरकारच्या दारीं अर्ज करण्यासाठीं ईस्ट इंडियन हें नांव घेतलें तें सरकारच उरलें नाहीं. समाज तरीही उरला. मुंबई वाढली तशीं शेतें गेलीं, गांवठाणें मोठ्या रस्त्यांच्या मागें दडलीं, तरुण पिढी इंग्रजी बोलूं लागली. तेव्हां संस्थेच्या व तिच्यासारख्या इतर मंडळांच्या कामाचें वळण बदललें. पूर्वीं नोकऱ्या राखावयाच्या होत्या, आतां आठवण राखावयाची आली. लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीवरून आणावयाचें उंबराचें पाणी, घुमटावरचीं मराठी गाणीं, लाल लुगडें, उन्हाळ्यांत कांडून बाटल्यांत भरून ठेवण्याचा मसाला, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं नव्या भाताच्या लोंब्या देवळांत आणून आशीर्वादित करण्याचा आगेराचा सण. ह्यांतला कोणता भाग पोर्तुगीज, कोणता इंग्रज? वाद्यांत व पक्वान्नांत शोधल्यास थोडा सांपडेल. पण जें राखून ठेवावें असें त्या समाजास वाटलें, तें बहुतेक सारें वसई-साष्टीच्या शेतांतलें व किनाऱ्यावरचें आहे. पोर्तुगीज आडनांवाखालीं व इंग्रजी पाटीखालीं मराठी घर होतें, तें हळूहळू वर आलें. काकांनीं १९०८ सालीं न्यायालयांत उभें राहून जें एकट्यानें दाखविलें, तें समाजास कळावयास बराच काळ जावा लागला, ह्याबद्दल कोणास दोष देऊं नये.

माझगांवच्या भंडारवाडा टेंकडीवर पाण्याचा मोठा तलाव आहे व त्याच्या माथ्यावर बाग आहे. त्या बागेस काकांचें नांव दिलें आहे. गेल्या खेपेस मुंबईस गेलों असतां आम्ही संध्याकाळीं तेथें चढून गेलों. पूर्वेस गोदी व बंदर, खालीं आगगाडीचे रूळ, आणि कोठेंतरी त्या गर्दींत माथारपाखाडीचीं कौलें. बांकावर बसलेल्या एका शाळकरी मुलास, बागेला ज्यांचें नांव आहे ते गृहस्थ कोण, असें विचारलें. कोणी पोर्तुगीज साहेब असावेत, असें त्यानें सांगितलें. मुलगा मराठी होता. आम्ही त्याच्या शेजारीं बसलों आणि माथारपाखाडी कोणत्या बाजूस आहे तें बोटानें दाखवून त्यास वरील हकीकत पहिल्यापासून सांगावयास लागलों. दिवे लागेपर्यंत तो उठला नाहीं.